पिंपरीच्या टाक्या आणि बुरशीच्या पोटातले कप्पे

१९५५ साली पिंपरीत पेनिसिलीन बनू लागलं, तेव्हा तिथे टेल्को नव्हती, बजाज नव्हती, एमआयडीसी तर जन्मालाही आली नव्हती. पवनेकाठचं एक गाव, त्याला लागून फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांची वसाहत, एका बाजूला रेल्वे आणि दुसऱ्या बाजूला मुंबई–पुणे रस्ता, एवढीच पिंपरी. त्या रस्त्यालगत अडीचशेहून अधिक एकरांवर हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १० मार्च १९५४ रोजी कंपनीची नोंदणी झाली. औषधनिर्मितीतली ही केंद्र सरकारची पहिली कंपनी. पिंपरीकरांसाठी ती ‘एचए कंपनी’ झाली आणि कारखान्याभोवतीच्या मैदानाला, कॉलनीला, शाळेला तेच नाव चिकटलं.

एचएचा इतिहास सहसा सरकारी उद्योगाच्या चढउताराचा म्हणून सांगतात. चढ आणि उतार दोन्ही त्यात आहेत. मला मात्र तो बुरशीच्या बाजूने सांगावासा वाटतो, कारण पेनिसिलीन बनवत होती ती बुरशी. पोलादी टाक्या, कंप्रेसर, शीतयंत्रं हा सगळा तिच्या सरबराईचा सरंजाम होता. ती पेशीच्या आत नेमकं काय करते, हे टाक्यांभोवती राबणाऱ्या कुणालाच पहिली पस्तीसेक वर्षं नीट ठाऊक नव्हतं. आज जीवशास्त्रज्ञ जीवाणूंच्या आत मुद्दाम कप्पे बांधून त्यांत रसायनं बनवायला निघाले आहेत. त्यांच्या खटाटोपाची पूर्वपीठिका पाहायची, तर पुणेकरांना फार लांब जायला नको.

आधी हा कारखाना हवा का होता, ते पाहू. महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पेनिसिलीन मुबलक बनत होतं. हिंदुस्थानला ते विकत आणावं लागे. १९४६ साली भोर समितीने देशाच्या आरोग्याचा ताळेबंद मांडला, त्यात सरासरी आयुर्मान सत्तावीस वर्षांच्या आसपास होतं. न्यूमोनिया, बाळंतज्वर, चिघळलेल्या जखमा, उपदंश या सगळ्यांवर पेनिसिलीन चालत होतं. गोदावरीच्या खोऱ्यातल्या जंगलपट्ट्यात, बस्तरकडे, यॉज नावाचा कातडीचा रोग आदिवासी मुलांना जर्जर करत होता. अंगभर व्रण, पुढे हाडांपर्यंत पोचणारे. पेनिसिलीनच्या एका इंजेक्शनने तो बरा होई. पण एक इंजेक्शन गुणिले लाखो माणसं, आणि तेही परकीय चलन मोजून, हे गणित नव्या देशाला झेपणारं नव्हतं.

हे गणित सर्वांत आधी आणि सर्वांत हट्टाने मांडणाऱ्यांत साहिब सिंग सोखी होते. परळच्या हाफकिन संस्थेचे ते पहिले भारतीय संचालक, १९३२ पासून. लष्करी डॉक्टर, स्वभावाने करडे, आणि औषधं सरकारने स्वतः बनवावीत या मताचे कट्टर पुरस्कर्ते. (त्यांच्या पत्नी म्हणजे मादाम मेनका. कथ्थकला रंगमंचावर प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्या या नर्तकीची शाळा खंडाळ्याला होती. घाटाच्या एका बाजूला पतीची लस आणि दुसऱ्या बाजूला पत्नीचे घुंगरू, असा तो संसार.) सोखी पुढे जागतिक आरोग्य संघटनेत सहायक महासंचालक झाले आणि नंतर राज्यसभेचे नियुक्त सदस्य. म्हणजे पेनिसिलीनचा विषय परळ, जिनिव्हा आणि दिल्ली अशा तिन्ही ठिकाणी लावून धरणारा माणूस एकच होता.

पण कारखाना हवा म्हणून मिळत नसतो. पेनिसिलीनचं खरं कसब मोजक्या परदेशी कंपन्यांच्या हातात होतं, आणि ते कसब काय होतं हे समजल्याशिवाय पिंपरीची पुढची वाटचाल समजत नाही. फ्लेमिंगने १९२८ साली लंडनमध्ये पाहिलेली बुरशी मिलिलिटरमागे जेमतेम दोन-चार युनिट पेनिसिलीन द्यायची. ऑक्सफर्डला फ्लोरी, चेन आणि हीटली यांनी तिच्यापासून औषध काढून दाखवलं, पण १९४१ साली पहिल्या रुग्णाला पुरेल इतकंही ते साठवू शकले नाहीत. तो पोलीस शिपाई सुधारता सुधारता औषध संपल्यामुळे गेला. त्याच वर्षी फ्लोरी आणि हीटली अमेरिकेत पिओरियाच्या शेतकी प्रयोगशाळेत पोचले. तिथे दोन गोष्टी घडल्या. मक्याचं स्टार्च काढताना उरणाऱ्या चिकट पाण्यावर बुरशी जोमाने वाढते, हे कळलं. आणि १९४३ साली बाजारातल्या एका बुरसटलेल्या खरबुजावर पेनिसिलियम क्रायसोजेनमचं एक असं वाण सापडलं, जे उथळ ताटांऐवजी खोल टाकीत, पाण्यात बुडूनही वाढत होतं.

त्या खरबुजी वाणावर आधी क्ष-किरणांचा आणि मग विस्कॉन्सिन विद्यापीठात अतिनील किरणांचा मारा झाला. हजारो बीजाणूंना किरणांखाली धरायचं, जगतील त्यांतून जास्त पेनिसिलीन देणारा निवडायचा, आणि त्यालाच पुन्हा किरणांखाली धरायचं. पद्धत आंधळी होती. पेशीत काय बदललं हे कुणी पाहत नव्हतं, फक्त टाकीत किती उतरलं ते मोजत होते. जगभरच्या कारखान्यांत आज चालणारी वाणं त्या एका खरबुजाची वंशज आहेत. मिलिलिटरला दोन-चार युनिटांपासून सुरू झालेला हा प्रवास आता लिटरला पन्नास ग्रॅमच्या पलीकडे, म्हणजे मिलिलिटरला ऐंशी हजार युनिटांवर गेला आहे. टाकीचा आकार वाढवून एवढी मजल मारता आली नसती. ही किमया सुधारलेल्या वाणाची, आणि म्हणूनच कंपन्या टाकीचं चित्र दाखवत पण वाण कुलुपात ठेवत.

भारत सरकारने आधी एका स्वीडिश कंपनीशी बोलणी केली. अखेर हात दिला तो युनिसेफने आणि जागतिक आरोग्य संघटनेने. युनिसेफने यंत्रसामग्री द्यायची, आरोग्य संघटनेने तज्ज्ञ आणि प्रशिक्षण. यामागे युनिसेफचा व्यवहारही होता. माता-बालकांच्या आणि यॉजच्या मोहिमांसाठी ती संस्था पेनिसिलीन विकत घेऊन वाटत होती, त्यापेक्षा ते देशातच बनलेलं बरं. आणखी एक धडा नुकताच मिळालेला होता. युद्धानंतर पूर्व युरोपातल्या देशांना मदत म्हणून पेनिसिलीनचे कारखाने दिले गेले, पण पोडबिल्निआक एक्स्ट्रॅक्टर नावाचं एक शिकागोचं यंत्र अमेरिकेने शीतयुद्धाच्या नावाखाली निर्यातबंदीत अडकवलं आणि ते कारखाने लंगडत राहिले. कारखाना दान मिळाला तरी त्यातला एक तुकडा कुणाच्या तरी मर्जीवर असतो.

हे यंत्र इतकं महत्त्वाचं का, त्यासाठी एका बॅचच्या मागे जावं लागेल. सुकवून जपलेल्या बीजाणूंपासून सुरुवात. आधी काचेच्या फ्लास्कमध्ये, मग छोट्या बीजटाकीत, मग हजारो लिटरच्या फर्मेंटरमध्ये बुरशी वाढवायची. तिला साखर हवी, नत्र हवं, आणि पेनिसिलीन जी बनवायचं तर फिनाइल ॲसिटिक आम्ल थेंबाथेंबाने द्यायला हवं. तिला हवा लागते आणि ती हवा संपूर्ण निर्जंतुक असावी लागते, म्हणून कंप्रेसर आणि गाळण्या अहोरात्र चालू. वाढताना ती स्वतः उष्णता सोडते, पण तिला मानवतात पंचवीसेक अंश. पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये बाहेर चाळीस अंश असताना टाकी पंचविसावर ठेवायची, म्हणजे शीतयंत्रांवरच सगळी मदार. वीज गेली, हवा थांबली, की बुरशी गुदमरलीच. आणि सर्वांत मोठी धास्ती कंटॅमिनेशनची. हवेतला एखादा चुकार जीवाणू आत शिरला आणि तो पेनिसिलिनेज बनवणारा निघाला, तर टाकीभर पेनिसिलीन तो बसल्या जागी फस्त करतो. बॅच गटारात.

पाच-सहा दिवसांनी बुरशी गाळून टाकायची. औषध पाण्यात असतं. ते काढायला पाणी आम्ल करावं लागतं, आणि आम्लात पेनिसिलीन भराभर नासतं. म्हणून आधी बर्फागत गार करायचं, आम्ल मिसळायचं आणि काही क्षणांत ते ॲसिटेटसारख्या द्रावकात ओढून घ्यायचं. पोडबिल्निआक यंत्र वेगाने फिरून हे दोन द्रव मिसळतं आणि लगेच वेगळेही करतं. इथे मिनिटं वाचली तर उतारा वाढतो. मग पुन्हा पाण्यात, पुन्हा शुद्धी, स्फटिक, आणि शेवटी रबरी बुचाची कुपी. दहा लाख युनिटांची कुपी म्हणजे साधारण ०.६ ग्रॅम पांढरी पूड. कारखान्यातली माणसं हिशेब ग्रॅममध्ये करत नसत, मेगा युनिटमध्ये करत.

हे सगळं पिंपरीत बसवायचं आणि चालवायचं काम भारतीय तंत्रज्ञांनी केलं, आणि ते लवकर केलं. स्वातंत्र्यानंतर आठ वर्षांत देश स्वतःचं पेनिसिलीन बनवू लागला. याला कमी लेखू नये. देशातल्या औषधांच्या किमती तेव्हा अवाच्या सवा होत्या. १९५९ नंतर अमेरिकी सिनेटच्या केफॉव्हर समितीनेच नोंदवलं की औषधांच्या बाबतीत भारत जगातल्या सर्वांत महागड्या देशांपैकी आहे. अशा बाजारात सरकारी पेनिसिलीन उतरणं ही साधी गोष्ट नव्हती.

पुढची पायरी स्ट्रेप्टोमायसिनची. क्षयाच्या देशात त्याची गरज उघड होती. इथे मात्र वाट बदलली. सोव्हिएत संघाकडून मदतीचा प्रस्ताव होता, आणि अमेरिकेची मर्क कंपनीही तंत्रज्ञान द्यायला तयार होती. सरकारने मर्कला पसंती दिली. सोखींना हे रुचलं नाही. (१९५३ साली त्यांना स्टालिन शांतता पुरस्कार मिळाला होता, त्यामुळे त्यांची मतं कुणाला नवीन नव्हती.) १९६२ साली पिंपरीत स्ट्रेप्टोमायसिनचा विभाग सुरू झाला. मर्कचं वाण चांगलं होतं, तंत्रही चांगलं होतं. पण कंपनीशी करार म्हटला की गोपनीयता आलीच. आंतरराष्ट्रीय संस्थांच्या मदतीने उभ्या राहिलेल्या कारखान्याच्या एका भागाला आता कुलूप लागलं. त्या वेळी हे शहाणपणाचं होतं का? क्षयरोग्यांच्या बाजूने पाहिलं तर होतं, कारण औषध लवकर मिळालं. वाण स्वतः घडवायच्या सवयीच्या बाजूने पाहिलं तर मला तसं म्हणवत नाही.

ही सवय पिंपरीत नव्हतीच, असं मात्र नाही. कारखान्याच्या संशोधन विभागात म्हैसूरकडचे एक कवकशास्त्रज्ञ होते, एम. जे. तिरुमलाचार. गव्हा-ज्वारीवरच्या काणी रोगाच्या बुरशांवर १९५२ साली बी. बी. मुंडकूर यांच्याबरोबर त्यांचा ग्रंथ निघालेला होता. म्हणजे माणूस मूळचा शेताच्या बांधावरचा. पिंपरीत त्यांनी मातीतले सूक्ष्मजीव वेगळे करून त्यांतून नवी प्रतिजैविकं शोधायचा सपाटा लावला. १९६१ साली हॅमायसिन हे बुरशीनाशक जाहीर झालं. त्याच्या नावातलं ‘हॅ’ हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचं, आणि ते बनवणाऱ्या जीवाणूचं नाव स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. पाठोपाठ डर्मोस्टॅटिन, आणि पिकांवरच्या बुरशीजन्य रोगांसाठी ऑरिओफंजिन. हॅमायसिन परदेशातही रुग्णांवर तपासलं गेलं. जगाच्या बाजारात ते टिकलं नाही, कारण त्याच कामासाठी ॲम्फोटेरिसिन आधीच येऊन बसलं होतं. ऑरिओफंजिन शेतकऱ्यांपर्यंत पोचलं. १९५८ पासून निघणाऱ्या ‘हिंदुस्तान अँटिबायोटिक्स बुलेटिन’मध्ये हे सगळं छापून येई, कुणालाही वाचता येईल असं.

याच खटाटोपातून १९६० च्या दशकाच्या अखेरीस आलेलं एक द्रव्य आमच्या विषयासाठी जास्त मोलाचं. त्याचं नाव अँटिअमीबिन आणि ते देणारी बुरशी एमेरिसेलॉप्सिस पूनेन्सिस. औषध म्हणून त्याचं फार काही झालं नाही. पण पेशीच्या पापुद्र्यात शिरून हे रेणू छिद्रं पाडतात, हे लक्षात आल्यावर परदेशातल्या जैवभौतिकीच्या प्रयोगशाळांनी ते उचललं. पापुद्र्यातून काय आत जातं, काय बाहेर येतं, याचा अभ्यास करायला पुण्याच्या मातीतली ही बुरशी कामी आली.

तिकडे पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा होती. नेहरूंनी ३ जानेवारी १९५० रोजी तिचं उद्घाटन केलं होतं आणि १९५१ पासून तिथे औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह जमू लागला. पाषाण आणि पिंपरी यांचं खरं जुळलं ते पेनिसिलीनच्या दुसऱ्या पिढीत. १९५९ साली ब्रिटनच्या बीचम कंपनीने पेनिसिलीनचा गाभा, ६-एपीए, वेगळा केल्याचं जाहीर केलं. त्या गाभ्याला नवी शेपटी जोडली की अँपिसिलीन, अमॉक्सिसिलीन. पण जुनी शेपटी कापायची कशी? रसायनाने कापायची तर उणे चाळीस अंशांवर, फॉस्फरस पेंटाक्लोराइडसारख्या जहाल रसायनांत. ई. कोलाय जीवाणूकडे एक विकर आहे, पेनिसिलीन ॲसिलेज, ते हेच काम साध्या पाण्यात, कोमट तापमानाला करतं. हे विकर जीवाणूच्या दोन पापुद्र्यांमधल्या फटीत राहतं. त्याला बाहेर काढून, किंवा अख्ख्या पेशीसकट, बारीक मण्यांवर बसवायचं आणि त्या मण्यांवरून पेनिसिलीनचं पाणी सोडायचं. विकर वाहून जात नाही, पुन्हा पुन्हा वापरता येतं. एचएचे जे. जी. शेवाळे आणि रासायनिक प्रयोगशाळेचे एच. शिवरामन यांनी १९८९ साली या तंत्राचा जो आढावा एकत्र लिहिला, तो या दोन ठिकाणांमधल्या देवाणघेवाणीचा पुरावाच आहे. त्याच गोतावळ्यातल्या पेनिसिलीन व्ही ॲसिलेजची त्रिमिती रचना १९९९ साली सी. जी. सुरेश, अर्चना पुंडले, शिवरामन आणि त्यांच्या यॉर्कच्या सहकाऱ्यांनी उलगडली.

जिवंत पेशीच्या बाहेर, मण्यावर, विकराला त्याची अशी जागा द्यायची, ही कल्पना इथवर आली होती. पेशीच्या आत निसर्गाने ती किती पूर्वी राबवली आहे, हे त्याच सुमारास उघड होऊ लागलं.

१९५४ साली, म्हणजे एचएची नोंदणी झाली त्याच वर्षी, स्टॉकहोममध्ये योहान्स रोडिनने उंदराच्या मूत्रपिंडाच्या पेशींत काही सूक्ष्म पिशव्या पाहिल्या. पुढे त्यांना पेरॉक्सिझोम म्हणू लागले. १९९१ साली हॉलंडमध्ये पेनिसिलियमच्या पेशीत या पिशव्यांचा पेनिसिलीनशी संबंध लागला. बुरशी तीन अमिनो आम्लं जोडते, त्यांचं कडं करते, हे दोन टप्पे पेशीच्या मोकळ्या द्रवात होतात. शेवटचा टप्पा, जिथे शेपटी बदलून खरं पेनिसिलीन तयार होतं, तो पेरॉक्सिझोमच्या आत. शेपटी ज्याची बनते ते फिनाइल ॲसिटिक आम्ल पेशीला मोकळं सोडलं तर त्रासदायक असतं. पिठाच्या गिरणीत मिरची कांडायची खोली वेगळी ठेवतात, तसलाच हा प्रकार.

आणि मग ते आंधळं किरणमाऱ्याचं पर्व नव्या उजेडात दिसलं. जास्त पेनिसिलीन देणाऱ्या औद्योगिक वाणांमध्ये पेनिसिलीनच्या जनुकांच्या अनेक प्रती असतात, हे कळलं होतंच. त्यांच्या पेशींत या पिशव्याही जास्त असतात, हेही दिसलं. २००५ साली डच संशोधकांनी बुरशीत पिशव्यांची संख्या वाढवणारं एकच प्रथिन, पेक्स-११, जादा बनवून पाहिलं. पेनिसिलीन दुप्पट झालं. पेनिसिलीनच्या विकरांना त्यांनी हातही लावला नव्हता. म्हणजे विस्कॉन्सिनपासून पिंपरीपर्यंत ज्यांनी ज्यांनी ‘जास्त उतारा देणारं वाण’ निवडलं, ते नकळत जास्त कप्पे असलेली बुरशी निवडत आले होते.

हे कळलं तेव्हा पिंपरीच्या टाक्यांवर साडेसाती आली होती. १९९१ नंतर आयात सैल झाली. चीनमध्ये अजस्र कारखाने उभे राहिले, त्यांची वाणं ताजी, वीज आणि साखर स्वस्त. पेनिसिलीन जीचा भाव इतका पडला की इथल्या कारखान्यांना उत्पादनखर्चही निघेना. एचए १९९७ साली आजारी उद्योग ठरली. मॅक्स ही भारतीय कंपनी आणि हॉलंडची गिस्ट-ब्रोकेड्स यांच्याबरोबर संयुक्त कंपनी काढून वाचण्याचा प्रयत्न झाला. ही तीच डच कंपनी, जिच्या अवतीभवती पेरॉक्सिझोमचं संशोधन वाढलं. १९९८ साली ती डीएसएमने गिळली. पिंपरीत पेनिसिलीन पिकणं थांबलं, कामगारांचे पगार थकू लागले, आणि २०१६ च्या डिसेंबरमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने जमीन विकून देणी भागवायचा आणि कंपनी विकायचा निर्णय घेतला. एका काळी देशाला पेनिसिलीन पुरवणाऱ्या कंपनीची किंमत आता मुंबई–पुणे रस्त्यावरच्या एकरांत होऊ लागली.

दोष चीनवर टाकून मोकळं होणं सोपं आहे. सरकारी खरेदीची दिरंगाई, औषधांच्या किमतींवरचं नियंत्रण, मंत्रालयाच्या परवानगीशिवाय हलता न येणं, ही कारणंही खरी. मला यांत वाणाचं कारण वरचं वाटतं. फर्मेंटेशनच्या धंद्यात वाण दरवर्षी थोडं थोडं सुधारावं लागतं. पिंपरीच्या संशोधकांनी ते केलंही. पण लिटरला दहा ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम यांच्यात जो फरक आहे तो तीस-चाळीस वर्षांच्या सलग, कंटाळवाण्या, बातमी न होणाऱ्या निवडीचा असतो. अशा कामासाठी दर अर्थसंकल्पात पैसा मागणं अवघड, कारण फीत कापायला काहीच नसतं. कोविडच्या काळात कच्च्या औषधांची टंचाई जाणवली, तेव्हा २०२० साली सरकारने ६,९४० कोटींची प्रोत्साहन योजना आणली आणि तिच्या यादीत पेनिसिलीन जी ठळकपणे होतं. २०२४ साली काकीनाड्याजवळ अरबिंदो फार्माच्या उपकंपनीचा कारखाना सुरू झाला. सत्तर वर्षांनी देश पुन्हा तिथूनच सुरुवात करतो आहे, या वेळी खासगी हातांनी.

आता जीवाणूंच्या कप्प्यांकडे. १९५६ साली ड्रेव्स आणि निक्लोविट्झ या जर्मन शास्त्रज्ञांना नीलहरित जीवाणूंत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काही बहुभुजी ठिपके दिसले. १९७३ साली जेसप शिव्हली यांच्या गटाने दुसऱ्या एका जीवाणूतले असेच ठिपके बाहेर काढून दाखवलं की आत कार्बन डायऑक्साइड पकडणारं विकर ठासून भरलेलं आहे, आणि त्याला नाव मिळालं कार्बोक्सिसोम. पेरॉक्सिझोमला मेदाचा पापुद्रा असतो. या कप्प्याची भिंत निव्वळ प्रथिनांची, षटकोनी फरशा एकमेकींना जोडून बनलेली, आणि प्रत्येक फरशीच्या मध्यात एक छिद्र. कप्प्याचा आकार मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढा. साल्मोनेला जीवाणूतही असे कप्पे निघाले. तो त्यांत प्रोपेनडायॉल नावाचं द्रव्य पचवतो आणि वाटेत तयार होणारा विषारी अल्डिहाइड कप्प्यातच कोंडून ठेवतो. २००५ साली केरफेल्ड आणि यीट्स यांच्या गटांनी भिंतीच्या फरशांची रचना दाखवली, तेव्हा अभियंत्यांचे डोळे चमकले. जी भिंत आपोआप जुळते, जिच्या छिद्रांतून ठरावीक रेणूच जातात, तिच्यात आपली विकरं का भरू नयेत?

२०१० च्या सुमारास ब्रिटनमध्ये मार्टिन वॉरन यांच्या गटाने ई. कोलायमध्ये रिकामे कप्पे उभे केले. २०१४ साली त्यांत दोन विकरं पाठवून मद्यार्क बनवून दाखवला. विकराच्या टोकाला एक छोटा पत्ता जोडायचा, की ते कप्प्यात जाऊन बसतं. आयोवात थॉमस बोबिक यांच्याकडे काम केलेल्या शर्मिष्ठा सिन्हा मोहालीच्या नॅनो विज्ञान संस्थेत या कप्प्यांवर प्रयोगशाळा चालवतात.

किरणांनी जे आंधळेपणी साधलं ते आता आराखडा काढून करायचं, असा हा बेत आहे. पण टाकी चालवलेल्या माणसाला यात एक जुनी ओळखीची अडचण दिसेल. कप्पे बांधायला पेशीला प्रथिनं खर्चावी लागतात. मोठ्या टाकीत, अनेक पिढ्यांत, एखादी पेशी कप्पे बांधायचं सोडून देते. तिचा खर्च वाचतो, ती भराभर वाढते, आणि थोड्या दिवसांत टाकीभर अशाच फुकट्या पेशी उरतात. पेनिसिलियमचं वाणही असंच उतरतं. त्याच वाणापासून पुन्हा पुन्हा पुढची वाढ करत राहिलं की जनुकांच्या जादा प्रती गळतात आणि उतारा कमी होतो. म्हणून पेनिसिलीनवाले मूळ बीजाणू सुकवून, गोठवून जपतात आणि प्रत्येक मोहिमेला तिथूनच सुरुवात करतात. प्रयोगशाळेतल्या शंभर मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये हा प्रश्न पडत नाही. तो पडतो पन्नास हजार लिटरला, सहाव्या दिवशी. कप्पेवाल्या जीवाणूंना अजून तिथवर कुणी नेलेलं नाही, आणि नेताना लागणारी माणसं म्हणजे वाण जपणारी, बॅच राखणारी, कंटॅमिनेशनचा वास टाकीजवळ गेल्याबरोबर ओळखणारी. पिंपरीत अशी माणसं एका पिढीत तयार झाली होती. ती निवृत्त झाली तेव्हा त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत.